नजरेची गती आणि मेंदूचे आरोग्य

गावात एखादा मनुष्य भर दिवसा झोकांड्या खात चालू लागला, की त्याच्याविषयी काय बोलले जाते हे येथे जमलेल्या शिक्षकांना व पंचायत सदस्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्याची पावले फाकतात, जीभ जड होते, हातातील पेला डचमळतो. तोंडाला दारूचा वास नसला तरी लोकांचा निर्णय झालेला असतो. पुढे काही वर्षांनी त्याचा धाकटा भाऊही तसाच चालू लागला, तर सगळ्या घराण्यालाच व्यसनी ठरविले जाते. नाहीतर कुळाला लागलेल्या शापाची एखादी कथा तयार होते. घरातील माणसे अंगारेधुपारे आणि नवससायास यांत होते नव्हते ते गमावून बसतात. वस्तुतः हा लहान मेंदूचा आनुवंशिक विकार असू शकतो. अशा विकारांच्या एका प्रकाराची खूण रुग्णाच्या पावलांपेक्षा त्याच्या नजरेत अधिक स्पष्टपणे दिसते. ही खूण एका स्वतंत्र विकारप्रकाराचे लक्षण म्हणून वैद्यकीय जगापुढे मांडली गेली ती मुंबईतील संशोधनातून, १९७१ मध्ये. त्या संशोधनाची हकीकत, त्यामागील शास्त्र आणि त्यापासून गावपातळीवर घेता येण्याजोगा बोध, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

डोळा उड्या मारीत पाहतो

वाचताना नजर ओळीवरून पाण्यासारखी सरकत जाते, असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. डोळा क्षणभर थांबतो, पुढे उडी घेतो आणि पुन्हा थांबतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील नेत्रतज्ज्ञ एमिल झावाल यांच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट प्रथम नोंदली गेली. त्यानंतर १९०३ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रेमंड डॉज यांनी डोळ्यांच्या हालचालींचे पाच प्रकार वेगळे करून दाखविले. एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर नजरेने झटक्यात घेतलेली उडी, हलत्या वस्तूचा संथ पाठलाग, डोके हलले तरी नजर स्थिर ठेवणारी भरपाईची हालचाल आणि जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळ्यांचे एकमेकांकडे वळणे, हे त्यांतील मुख्य प्रकार होत.

उडीची गरज का पडावी, याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाचा मधला अगदी लहानसा भागच अक्षर ओळखण्याइतके बारीक पाहू शकतो. जे नीट पाहावयाचे ते या भागासमोर आणावे लागते. म्हणून जागेपणी डोळा एका सेकंदात साधारणतः तीन वेळा जागा बदलतो. मोठ्या उडीत त्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांवर जातो. शरीराच्या अतिशय वेगवान हालचालींत तिची गणना होते. या वेगामुळेच ती माणसाच्या स्वतःच्या ध्यानात येत नाही. आरशासमोर उभे राहून आधी आपल्या उजव्या व मग डाव्या डोळ्याकडे पाहिले, तर आपले डोळे हललेले आपल्याला मुळीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्वच्छ दिसतात. उडीच्या त्या अल्पकाळात मेंदू दृष्टीची जाणीव मंद करतो.

दुसरा एक प्रयोग कोणत्याही वर्गात करण्यासारखा आहे. पुस्तक स्थिर धरून डोके डावीउजवीकडे हलविले, तरी अक्षरे वाचता येतात. डोके स्थिर ठेवून पुस्तक तितक्याच वेगाने हलविले, तर अक्षरे पुसट होतात. पहिल्या वेळी अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय डोक्याच्या हालचालीची वार्ता तत्काळ डोळ्यांच्या स्नायूंना पोचविते आणि डोळे तितकेच उलट फिरतात. व्हिएन्नाचे डॉ. रॉबर्ट बाराणी यांनी कानात गार व कोमट पाणी सोडून डोळ्यांची होणारी थरथर अभ्यासली आणि कान व डोळे यांच्यातील हा संबंध तपासण्याची रीत घालून दिली. या कार्याबद्दल त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते पहिल्या महायुद्धातील कैदी म्हणून रशियाच्या ताब्यात होते.

रेटा आणि आधार

प्रत्येक डोळ्याला फिरविणारे स्नायू ६ आहेत. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी तिसरी, चौथी व सहावी अशा तीन जोड्या त्यांना आज्ञा पोचवितात. वरची पापणी उचलून धरण्याचे मुख्य कामही तिसऱ्या चेतेकडेच आहे. तथापि या चेता केवळ निरोप्याचे काम करतात. उडी कोणत्या क्षणी घ्यावयाची, किती अंतराची आणि किती जोराने, हे मेंदूच्या खोडात व लहान मेंदूत ठरते.

तेथे काय घडते हे समजून घेण्यास एका अभियंत्याची मोठी मदत झाली. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डेव्हिड रॉबिन्सन हे मूळचे विद्युत अभियंते होते. डोळ्यावर बसणाऱ्या कड्यात बारीक तारेचे वेटोळे ठेवून, ते चुंबकीय क्षेत्रात असताना डोळा कसा फिरतो याची अत्यंत अचूक नोंद करण्याची पद्धत त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. अशा मोजमापांतून व गणितातून पुढील गोष्ट स्पष्ट झाली. खोबणीतील मऊ व चिकट उतींमुळे डोळ्याच्या हालचालीला अडथळा होतो, आणि डोळा बाजूला वळविला की तो पुन्हा मध्यावर येऊ पाहतो. म्हणून मेंदूला दोन आज्ञा द्याव्या लागतात. चिखलात रुतलेली बैलगाडी काढताना प्रथम सर्वांनी मिळून जोराचा रेटा द्यावा लागतो, आणि ती चढावर आली की मागे घसरू नये म्हणून सतत आधार द्यावा लागतो. डोळ्याच्या बाबतीतही तसेच आहे. आधी क्षणभराचा रेटा आणि मग सततचा आधार.

रेटा देणाऱ्या पेशी मेंदूच्या खोडात असतात. आडव्या उडीच्या पेशी खोडाच्या मधल्या भागात आणि उभ्या उडीच्या पेशी त्याच्या वरच्या भागात आढळतात. आधार देणारी यंत्रणा बिघडली, तर डोळा नव्या जागी पोचतो पण टिकत नाही; तो मागे घसरतो आणि पुन्हा झटका देतो. डोळ्यांच्या थरथरीचा हा एक प्रकार होय. रेटा देणाऱ्या पेशी क्षीण झाल्या, तर डोळा इष्ट जागी पोचतो खरा, परंतु फार सावकाश पोचतो. जी उडी पाहणाऱ्याच्या डोळ्यालाही जेमतेम टिपता यावी, ती रांगत गेल्यासारखी दिसते. मुंबईत लक्षात आलेली खूण नेमकी हीच होती.

मुंबईतील ९ कुटुंबे

डॉ. नोशिर होरमसजी वाडिया यांचा जन्म १९२५ मध्ये सुरत येथे झाला. लंडनमध्ये मेंदूविकारांचे प्रगत शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय येथे त्यांनी या शाखेची उभारणी केली. ही संस्था १८४५ पासून मुंबईच्या गोरगरिबांना आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांना आधार देत आली आहे. अशा रुग्णालयात एकाच कुटुंबातील दोन-तीन पिढ्यांची माणसे पाहावयास मिळण्याची शक्यता अधिक असते. डॉ. वाडिया यांनी या संधीचा उपयोग केला.

तोल जाण्याचे आनुवंशिक विकार त्यापूर्वी अज्ञात होते असे नाही. जर्मनीतील निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३ मध्ये व फ्रान्समधील पिएर मारी यांनी १८९३ मध्ये त्यांची वर्णने केली होती. परंतु पुढे वर्णनांची इतकी गर्दी झाली, की एकाच रोगाला अनेक नावे आणि अनेक रोगांना एकच नाव अशी स्थिती निर्माण झाली. डॉ. वाडिया व त्यांचे सहकारी डॉ. आर. के. स्वामी यांनी १९७१ मध्ये लंडनच्या 'ब्रेन' या नियतकालिकात ९ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांत तोल जाण्याबरोबरच डोळ्यांच्या हालचाली मंद झालेल्या होत्या. लहान मेंदूच्या आनुवंशिक ऱ्हासाचा हा एक नवा प्रकार आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

या खुणेचे महत्त्व तपासणीच्या पद्धतीवरून कळते. वैद्य रुग्णासमोर दोन बोटे दोन बाजूंना धरतो आणि 'याच्याकडे पाहा, आता त्याच्याकडे पाहा' असे सांगतो. निरोगी माणसाची नजर तत्क्षणी जाते. या रुग्णांची नजर सावकाश सरकते. काही जण नजर पोचावी म्हणून मान झटकन वळवितात किंवा पापण्या मिटतात. त्यानंतर रुग्णाला एका वस्तूवर नजर ठेवावयास सांगून त्याचे डोके हलविले, की तेच डोळे उलट दिशेला सहज फिरतात. म्हणजे स्नायू व चेता शाबूत आहेत आणि दोष त्यांना आज्ञा देणाऱ्या वरच्या केंद्रांत आहे, असा निष्कर्ष निघतो. यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, खर्चही येत नाही. निरीक्षणाची सवय आणि अर्धा मिनिट एवढेच लागते.

अशा रुग्णांनी पुढे निरोगी डोळ्याविषयीही एक गोष्ट शिकविली. उडी इतकी वेगवान असते, की ती फेकलेल्या दगडासारखी, सुटली की सुटली, असे पूर्वी मानले जात असे. १९७६ मध्ये डेव्हिड झी, रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मंद नजरेच्या रुग्णांची उडी मोजली. उडी चालू असतानाच समोरचे लक्ष्य हलविले, तर या रुग्णांचा डोळा वाटेतच आपली दिशा सुधारतो असे आढळले. यावरून, मेंदू उडीच्या संपूर्ण काळात डोळा कोठवर आला याचा हिशेब ठेवीत असतो, या कल्पनेला बळ मिळाले. निरोगी माणसात हा हिशेब पाहता येत नाही, कारण तो पाहण्यापूर्वीच उडी संपलेली असते.

डॉ. वाडिया यांच्या प्रतिपादनाला रेणूंच्या पातळीवरील पुरावा मिळण्यास २५ वर्षे लागली. १९९६ मध्ये तीन स्वतंत्र संशोधक गटांनी १२ व्या गुणसूत्रावरील एका जनुकात दोष शोधून काढला. या जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द सामान्यतः २२ वेळा ओळीने येतो. रुग्णांत तो बहुधा ३३ किंवा त्याहून अधिक वेळा येतो. या विकाराला आता 'एससीए-२' असे संक्षिप्त नाव आहे. डॉ. वाडिया व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पुन्हा 'ब्रेन' याच नियतकालिकात ६ भारतीय कुटुंबांचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध केले आणि निदानात मंद नजरेचे महत्त्व दाखवून दिले. १९७१ मध्ये नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेले वर्गीकरण प्रयोगशाळेने उचलून धरले. भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मंद नजर केवळ याच विकारात आढळते असे नाही. कॅनडातील स्टील, रिचर्डसन व ओल्झेव्स्की या त्रयीने १९६४ मध्ये उतारवयातील एका विकाराचे वर्णन केले. त्यात विशेषतः वरखाली पाहण्याची शक्ती जाते, आणि जिना उतरताना पायरी न दिसल्याने मनुष्य वारंवार पडतो. काही औषधे व मद्य यांनीही नजरेची हालचाल बिघडते. म्हणून मंद नजर दिसल्यास रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे. गावातच निदानाचा निकाल देऊ नये.

निदानाचा पुढचा प्रश्न

एससीए-२ या विकारात आईला किंवा वडिलांना दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, मग तो मुलगा असो वा मुलगी. पुढच्या पिढीत रोग अनेकदा आधीच्या वयात सुरू होतो. क्यूबातील ओल्गीन प्रांतात हा विकार विशेष प्रमाणावर आढळतो. तेथील संशोधकांनी दाखविले आहे, की दोष असलेल्या व्यक्तीची चाल बिघडण्यापूर्वीच तिच्या नजरेचा वेग घटू लागतो, आणि जनुकातील पुनरावृत्ती जितकी अधिक तितकी नजर अधिक मंद असते. म्हणजे धडधाकट दिसणाऱ्या २० वर्षांच्या तरुणाची नजर मोजून, त्याच्या पुढील आयुष्याविषयी काही सांगणे आता शक्य झाले आहे.

हे शक्य झाले म्हणून ते प्रत्येक वेळी करावे काय? हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेर जातो. या विकाराला मुळातून थांबविणारे औषध अजून उपलब्ध नाही. एखाद्या मुलीला आपल्या भवितव्याची माहिती विवाहापूर्वी हवी असेल. तिच्या भावाला ती नको असेल. दोघांचाही हक्क मान्य केला पाहिजे. प्रौढ व्यक्तीची जनुकीय तपासणी तिच्या संमतीने आणि समुपदेशनानंतरच होणे योग्य. रोगाची लक्षणे नसलेल्या मुलांची तपासणी पालकांच्या किंवा शाळेच्या आग्रहास्तव करू नये, असाच वैद्यकीय संकेत आहे. गावात अशी माहिती फुटली तर सोयरीक मोडते, रोजगार जातो, वाटणीचे तंटे उभे राहतात. म्हणून ज्या अधिकाऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या कानी ती येते, त्याने ती आपल्यापाशीच ठेवली पाहिजे.

मग औषध नसताना निदानाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग बराच आहे. व्यसनाचा खोटा शिक्का पुसला जातो. शापनिवारणासाठी होणारा खर्च थांबतो. तोल सांभाळण्याचा व्यायाम, पडू नये म्हणून घरात करावयाची व्यवस्था, गिळताना घ्यावयाची काळजी यांनी रुग्णाचे परावलंबन लांबणीवर टाकता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेले आहेत आणि त्यांत दीर्घकालीन मेंदू व चेतासंस्थेच्या विकारांचा समावेश आहे. योग्य निदानाचा कागद हाती असल्याशिवाय या कायद्याचा लाभ रुग्णापर्यंत पोचत नाही.

त्याच वर्षीची दुसरी नोंद

१९७१ मध्ये मुंबईने डोळ्यांविषयीच आणखी एक धडा दिला. त्या वर्षी डोळे येण्याची मोठी साथ पसरली. ही साथ पश्चिम आफ्रिकेतील घानामध्ये १९६९ मध्ये प्रथम दिसली होती. डोळे एकाएकी लालभडक होत, पांढऱ्या भागात रक्त साकळे आणि थोड्या दिवसांत बहुतेकांना आपोआप बरे वाटे. त्यामुळे तिच्याकडे किरकोळ उपद्रव म्हणून पाहिले गेले.

परंतु जे. जे. रुग्णालयात काही रुग्ण निराळीच तक्रार घेऊन येऊ लागले. डोळे बरे होऊन काही दिवस, काहींच्या बाबतीत काही आठवडे उलटले होते. आणि आता कमरेतून व पायांतून तीव्र वेदना येऊन पाय लुळे पडत होते. हे रुग्ण प्रौढ होते, आणि लक्षणे पोलिओसारखी होती. डोळे येणे आणि पाय लुळे पडणे यांचा काही संबंध असेल, असे रुग्णाच्या मनात येणे शक्य नव्हते. 'यापूर्वी काय आजार झाला होता' हा प्रश्न वैद्याने चिकाटीने विचारला म्हणून तो संबंध उघड झाला. डॉ. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास जपानमधील संशोधकांनी या साथीचा विषाणू वेगळा केला. त्याला 'एन्टेरोव्हायरस ७०' हे नाव मिळाले. तो पोलिओच्या विषाणूचा भाऊबंदच निघाला. मुंबईत १९८१ मध्ये अशी साथ पुन्हा आली, तेव्हा तिच्यामागून आलेल्या पक्षाघाताचा अभ्यासही येथे झाला.

ही गोष्ट कोणास घाबरविण्यासाठी सांगितलेली नाही. डोळे येण्याच्या बहुसंख्य साथी निरुपद्रवी असतात, आणि प्रत्येक साथीचा विषाणू एकच नसतो. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीसह महाराष्ट्राच्या अनेक भागांत अशी साथ पसरली होती. बोध घ्यावयाचा तो नोंदीचा. शाळेच्या हजेरीपटात एकाच आठवड्यात १५ मुले 'डोळे आले' म्हणून गैरहजर असतील, तर ती माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविली पाहिजे. त्यानंतरच्या महिन्यात गावातील कोणाच्या हातापायांत अकस्मात अशक्तपणा आला, तर तीही कळविली पाहिजे. साध्या आजाराच्या मागून येणारे दुर्मिळ संकट ओळखण्याचा मार्ग अशा नोंदींतूनच जातो.

गावपातळीवर काय पाहावे

डोळ्यांची हालचाल ही शरीराच्या अंतर्भागाची बाहेरून दिसणारी खूण आहे, आणि ती पाहण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. पुढील चार खुणा प्रत्येक शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांस ठाऊक असाव्यात.

पहिली खूण सर्वांत निकडीची. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला मनुष्य पहाटे पोटदुखीने उठतो, त्याच्या दोन्ही पापण्या खाली उतरू लागतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, थुंकी गिळता येत नाही. अशा वेळी मण्यारीच्या दंशाची शंका घेतली पाहिजे. मण्यारीचा दंश बऱ्याच वेळा दुखत नाही, सुजत नाही, त्याची खूणही सापडत नाही. विषामुळे चेतांची आज्ञा स्नायूंपर्यंत पोचत नाही. पापण्या व डोळ्यांचे स्नायू आधी बळी पडतात आणि त्यानंतर श्वास थांबतो. पापणी उतरणे आणि श्वास बंद होणे यांतील अवधी हाच रुग्णाला वाचविण्याचा काळ होय. तो मांत्रिकाच्या दारात घालवू नये. प्रतिविषाची व कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णास विनाविलंब न्यावे.

दुसरी खूण म्हणजे प्रौढ माणसात अकस्मात आलेला तिरळेपणा, किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे. मधुमेहात एखादी चेता दुर्बळ झाल्याने असे घडते. परंतु मेंदूतील वाढलेला दाब, गाठ किंवा पक्षाघात हीही कारणे असू शकतात. तीव्र डोकेदुखी, एका बाजूची पापणी उतरणे आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी होणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

तिसरी खूण लहान मुलातील तिरळेपणा. किंचित तिरळी नजर भाग्याची, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. मोठेपणी ती आपोआप सरळ होते, असेही सांगितले जाते. दोन्ही समजुती मुलाला महाग पडतात. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांनी दाखविले, की आयुष्याच्या आरंभी एका डोळ्याकडून योग्य चित्र मिळाले नाही, तर मेंदूतील पेशी त्या डोळ्याची दाद घेण्याचे सोडून देतात. या कार्याबद्दल त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मुलांच्या बाबतीतही सात-आठ वर्षांच्या आत चष्मा, चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी आणि आवश्यक तेव्हा शस्त्रक्रिया हे उपचार झाल्यास लाभ सर्वाधिक होतो. वय उलटून गेले म्हणून प्रयत्न सोडावयाचा नाही, कारण त्याहून मोठ्या मुलांपैकीही काहींना उपचारांचा उपयोग होतो. तिरळेपणाबरोबर बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर मात्र एक दिवसही दवडू नये. दृष्टिपटलाच्या कर्करोगाची ती खूण असू शकते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत येतात. अशा मुलांची नावे शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी आधीच काढून ठेवावीत.

चौथी खूण म्हणजे हळूहळू बिघडत गेलेला तोल आणि मंदावलेली नजर. अशा व्यक्तीस मद्यपी ठरविण्यापूर्वी तिच्या आईवडिलांविषयी, भावंडांविषयी विचारावे. घरात आणखी कोणास असा त्रास असल्यास जिल्हा रुग्णालयामार्फत वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होईल असे पाहावे आणि तोपर्यंत त्या घराविषयी काहीही न बोलण्याचे पथ्य पाळावे.

बंधुभगिनींनो, जे. जे. रुग्णालयात १९७१ मध्ये झालेल्या या दोन्ही कामांत महागडे यंत्र प्रधान नव्हते. एका कामात वैद्याने रुग्णाची नजर निरखून पाहिली आणि दुसऱ्या कामात रुग्णाला एक जादा प्रश्न विचारला. दोन्ही वेळा जे दिसले ते लिहून ठेवले गेले, म्हणून पुढच्या पिढीतील जनुकशास्त्रज्ञांना व विषाणुशास्त्रज्ञांना त्याचा आधार मिळाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील केसपेपरावर 'नजरेची हालचाल' अशी एक ओळ घालण्यास काहीच खर्च येत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समित्यांनी ही सूचना विचारात घ्यावी. पोलीस पाटलापासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकाने झोकांडी खाणाऱ्या माणसाला नाव ठेवण्यापूर्वी त्याच्यासमोर दोन बोटे धरून पाहावीत. नजर सावकाश गेली, तर त्याला दवाखान्याची वाट दाखवावी.